भरल्या बोटीचा हिशेब

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांना समुद्र नाही, म्हणून बोट विकत घेण्याचा प्रश्न इथे पडतच नसेल असे बाहेरच्या माणसाला वाटते. पाण्याचे मोठे साठे मात्र इथे आहेत. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदी अडवून झालेले, १९९३ साली पूर्ण झालेले १३ दरवाजांचे अप्पर वर्धा धरण आणि त्यामागचा नल-दमयंती सागर आहे. बार्शीटाकळी तालुक्यात महानचा काटेपूर्णा प्रकल्प आहे. तेल्हारा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वान नदीवरचा हनुमान सागर आहे. या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्था, पुराच्या दिवसांत धावणारी जिल्ह्याची शोध व बचाव पथके, काठावर पर्यटनाचा विचार करणारी ग्रामपंचायत, आणि चार पाहुण्यांना संध्याकाळी पाण्यावरून फिरवून आणावे एवढीच हौस असलेला एखादा जमीनदार, या सगळ्यांपुढे कधी ना कधी एकच प्रश्न येतो : सहासात मीटरपर्यंतची, इंजिनाची, निवांत फिरता येईल अशी छोटी बोट घ्यायची तर कोणती? मग दोनतीन कंपन्यांची माहितीपत्रके मागवली जातात. ती शेजारी शेजारी ठेवून लांबी, इंजिनाचे एचपी, कमाल वेग आणि किंमत यांची तुलना होते. या प्रकरणाचे म्हणणे असे की ही तुलना मुळातच चुकीच्या बोटीची असते. माहितीपत्रकातले आकडे बहुतेक वेळा रिकाम्या किंवा जवळपास रिकाम्या बोटीचे असतात, आणि घेणारा मात्र ती माणसे, सामान, जाळी, इंधन भरूनच चालवणार असतो. ट्रॅक्टर घेताना रिकामा ट्रॅक्टर किती पळतो हे वऱ्हाडात कुणी विचारत नाही. भरलेली ट्रॉली ओल्या काळ्या जमिनीतून निघते का, हेच विचारतात. बोटीलाही तोच प्रश्न विचारायला हवा.

हा केवळ सोयीचा मुद्दा नाही, हे आपल्याच जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यातल्या श्रीक्षेत्र झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली आणि एकाच नात्यागोत्यातली ११ माणसे गेली. त्याआधी ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून ८ तरुण बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली मुले आणि शिक्षिका मिळून १४ जण गेले. त्या बोटीत क्षमतेहून जास्त माणसे बसवली होती. या पाण्यांपैकी एकही समुद्र नव्हता. नदी, धरण आणि शहरातला तलाव, म्हणजे ज्यांना आपण ओळखीचे पाणी म्हणतो तीच ही ठिकाणे. अशा घटनांनंतर दोष नावाड्याला किंवा ठेकेदाराला दिला जातो, आणि तो पुष्कळदा योग्यही असतो. पण बोट निवडली जाते त्या दिवशीच हा धोका किती मोठा होणार, याचा बराचसा निर्णय झालेला असतो. कारण कुठली बोट भार घेतल्यावर किती सोसते, हे तिच्या आकारात ठरून गेलेले असते.

तो आकार वाचायला शिकणे अवघड नाही. समजा पाच मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद अशी एक फायबरची बोट आहे. पाण्याच्या रेषेवर तिचा आडवा छेद ढोबळमानाने पावणेसात चौरस मीटर भरतो. म्हणजे ती एक सेंटिमीटर खाली जायला साधारण ६७-६८ किलो वजन लागते. सरळ हिशेब असा की एक माणूस चढला की बोट एक सेंटिमीटर बसते. आठ माणसे चढली तर आठ सेंटिमीटर. हे ऐकून धीर येतो, कारण काठ पाण्यावर चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर असतो. पण हा हिशेब माणसे मधोमध, समतोल बसली असतील तेव्हाचा आहे. त्यांतली सहा जणे मगर दिसली, फोटो काढायचा म्हणून एका बाजूला सरकली, तर त्याच बोटीची ती बाजू पंचवीस-तीस सेंटिमीटर खाली जाते. आणि ही माणसे उभी राहिली तर सगळ्यांचे वजन उंच जाते, बोटीची पुन्हा सरळ होण्याची ताकद आणखी कमी होते आणि काठ पाण्याला टेकू शकतो. एकदा पाणी आत आले की गोष्ट हाताबाहेर जायला मिनिटे लागत नाहीत. चार मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद तळावर दहा सेंटिमीटर पाणी साचले तर ते ५६० लिटर होते, म्हणजे आठ माणसांचे वजन. ही आठ माणसे बाकावर गप्प बसत नाहीत. बोट ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला ती सगळी धावतात. म्हणून बाकावर किती जण मावतात यावरून बोटीची क्षमता मोजणे अत्यंत घातक आहे. अमेरिकेत क्षमतेची पाटी नसलेल्या, वीस फुटांखालच्या साध्या एकतळी बोटीसाठी एक सोपा नियम सांगतात : लांबी आणि रुंदी फुटांत घ्यायची, गुणायची आणि पंधराने भागायचे. आपली बोट साडेसोळा फूट बाय सहा फूट, म्हणून उत्तर साडेसहाच्या आसपास, म्हणजे सहा माणसे, आणि तीही शांत पाण्यात. बाकांवर मात्र आठ जण सहज बसतात.

या हिशेबातून तुलनेचा पहिला निकष निघतो, आणि तो लांबीचा नाही, रुंदीचा आहे. बोटीचा आकारामुळे येणारा स्थिरपणा लांबीच्या प्रमाणात वाढतो, पण रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. वरच्या बोटीची रुंदी १.८ ऐवजी २.१ मीटर केली, म्हणजे एक फूट वाढवली, तर हा स्थिरपणा दीडपटीहून जास्त होतो. हाच परिणाम लांबी वाढवून मिळवायचा तर पाच मीटरची बोट आठ मीटरची करावी लागेल. विक्रेता मात्र लांबी आधी सांगतो, किंमतही लांबीवर सांगतो, आणि रुंदी तपशिलाच्या कोष्टकात कुठेतरी खाली असते. दोन बोटींची किंमत सारखी असेल आणि एक सहा मीटर लांब पण निमुळती, दुसरी सव्वापाच मीटर पण रुंद असेल, तर धरणावर माणसे नेण्यासाठी दुसरी घ्यावी. रुंदीला मर्यादा आहेच. रस्त्यावरून न्यायची बोट २.६ मीटरच्या आत बसली पाहिजे. पण पाच-सहा मीटरच्या बोटी त्या मर्यादेच्या जवळही जात नाहीत.

रुंदीनंतर तळ. इथे एका प्रसिद्ध शोधामुळे फार लोकांची दिशाभूल होते. रे हंट या अमेरिकन आरेखकाने खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा तळ रूढ केला. १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत त्या तळाची 'मॉपी' नावाची बोट खवळलेल्या समुद्रातून जिंकून आली आणि तेव्हापासून वेगवान बोट म्हणजे खोल तळाची बोट असे समीकरण जगभर झाले. तो तळ लाट कापतो, आपटत नाही, हे खरेच आहे. पण त्याची किंमत तीन प्रकारे मोजावी लागते : तेवढाच भार उचलायला जास्त ताकदीचे इंजिन लागते, बोट पाण्यात जास्त खोल बसते, आणि उभी असताना जास्त डोलते. समुद्रावर ताशी पन्नास किलोमीटरने जाणाऱ्याला हा सौदा परवडतो. अप्पर वर्ध्यावर सहा माणसांना घेऊन सावकाश फिरणाऱ्याला त्यातले नुकसानच तेवढे मिळते. दुसऱ्या टोकाला अगदी सपाट तळाची बोट असते. ती भार उत्तम घेते, उथळात जाते, पण एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या आधीचा वारा लांबरुंद जलाशयावरून आला आणि आखूड, उभ्या लाटा उठल्या की ती आपटत चालते आणि पुढून पाणी घेते. उजनी जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी जाणारी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटून ६ जण गेले, ही घटना वऱ्हाडातल्या प्रत्येक खरेदीदाराने ध्यानात ठेवावी, कारण मे महिन्यातली आपली दुपार त्याहून वेगळी नसते. म्हणून पुढे थोडी धार, मागे जवळपास सपाट, आणि नाक उंच असा मधला तळ आपल्या जलाशयांना मानवतो. मच्छीमारांच्या फायबर बोटी साधारण याच घडणीच्या असतात, आणि माझ्या मते हौशी खरेदीदाराने दिखाऊ स्पीडबोटीआधी त्यांच्याकडे पाहावे.

तिसरा पर्याय दोन नळकांड्यांवर सपाट फळी टाकलेल्या पाँटून बोटीचा. तिचा जन्मच समुद्रापासून हजार-दोन हजार किलोमीटर आत झाला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९५२ च्या सुमारास अँब्रोस वीअर्स या शेतकऱ्याने दोन लोखंडी नळकांड्यांवर लाकडी मंच बांधून ती पहिल्यांदा तळ्यात सोडली. तळ्यावर कुटुंबाने निवांत बसून फिरावे, ही त्याची गरज आणि आपल्या पर्यटन केंद्राची गरज एकच आहे. भार दोन्ही कडांवर तोलला जात असल्याने चार माणसे एका बाजूला गेली तरी ती फारशी कलत नाही. म्हाताऱ्या माणसाला काठावरून पाऊल टाकून चढता येते. पण दोष ध्यानात घ्यावेत. छप्पर लावलेली पाँटून वाऱ्याला भिंतीसारखी आडवी येते आणि छोटे इंजिन तिला वाऱ्याविरुद्ध परत आणू शकत नाही. पुढच्या टोकावर गर्दी झाली तर नाक पाण्याखाली जाऊन मंचावर पाणी चढते. म्हणून ती अमरावतीतल्या वडाळी किंवा छत्री तलावासारख्या आवरत्या पाण्याला शोभते. अप्पर वर्ध्याच्या मोकळ्या पात्रावर न्यायची तर काठाकाठाने आणि वारा पडलेला असताना.

इथपर्यंत आल्यावर एक सरळ आक्षेप निघतो : एवढी काळजी कशाला, एक माप मोठी बोट घेतली की प्रश्न मिटला. मोठी बोट पाण्यात जास्त सोसते हे खरे, पण धरणातली बोट वर्षातला मोठा काळ पाण्याशी नव्हे, काठाशी झगडते. जलाशय सप्टेंबरात काठोकाठ असतो आणि मे महिन्यात पाण्याची रेषा शेकडो मीटर आत गेलेली असते. मधल्या बुडीत क्षेत्रात काळ्या गाळाचा पट्टा उघडा पडतो, त्यावर लोक गाळपेर करतात, आणि धरणात गेलेल्या गावांच्या भिंती, विहिरींची तोंडे, झाडांचे खुंट पाण्याच्या वर किंवा, त्याहून वाईट, पाण्याच्या किंचित खाली येतात. समुद्रकाठी भरती बोट उचलते. इथे ती उचलायला माणसे किंवा ट्रॅक्टर लागतो. तीनशे-साडेतीनशे किलोची बोट सहा माणसे ढकलतात. आठशे किलोची गाळात रुतली की पावसाळ्यापर्यंत तिथेच राहते, आणि उन्हात तापून तिचे फायबर पिवळे पडते. शिवाय खोली : पाच मीटरच्या भरल्या बोटीचे इंजिन खाली सोडले की पंखा सुमारे साठ सेंटिमीटर पाण्यात जातो, बोट जड असेल तर त्याहून खाली. काटेपूर्णासारखा प्रकल्प अवर्षणाच्या वर्षी तळाला जातो तेव्हा हे साठ सेंटिमीटरसुद्धा काठाजवळ मिळत नाहीत. त्यामुळे मोठ्या बोटीच्या बाजूने जो युक्तिवाद आहे, तो खरे तर रुंद आणि हलक्या बोटीच्या बाजूने आहे. वजन वाढवून घेतलेली सुरक्षितता मे महिन्यात वापरताच येत नाही.

आता इंजिन. खरेदीची चर्चा इथून सुरू होते, पण तिचे खरे स्थान इथे, तळ आणि भार ठरल्यानंतर आहे. छोटी बोट दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी चालते. हळू असते तेव्हा ती पाणी बाजूला सारत जाते, आणि या तऱ्हेचा वेग पाण्याच्या रेषेवरच्या लांबीने बांधलेला असतो. साडेचार मीटर रेषेच्या बोटीला तो ताशी साधारण साडेनऊ किलोमीटर पडतो, साडेसहा मीटरच्या बोटीला साडेअकरा. इंजिन दुप्पट केले तरी या मर्यादेजवळ वेग फारसा वाढत नाही, बोट फक्त मोठी लाट उठवते. त्यापलीकडे जायचे तर बोटीने पाण्यातून वर निघून पृष्ठभागावर घसरायला लागले पाहिजे, आणि तिला वर उचलण्याचे काम इंजिनाला करावे लागते. इथे भार निर्णायक ठरतो. आपल्या पाच मीटर बोटीचे इंजिन-इंधनासह वजन ६०० किलो धरू. दोन माणसे बसली तर ७४० किलो, आठ बसली तर ११६०. जॉर्ज क्राउच या अमेरिकन आरेखकाच्या जुन्या सूत्रानुसार वेग दर एचपीमागच्या वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ४० एचपीच्या इंजिनावर पहिल्या बोटीचा वेग ताशी ३८ च्या आसपास निघतो, दुसरीचा ३० च्या. पण सूत्र हे गृहीत धरते की बोट घसरू लागली आहे. दुसऱ्या बोटीत दर एचपीला २९ किलो वजन येते, आणि वीस-पंचवीस किलोंच्या पुढे गेले की पुष्कळ बोटी नाक वर करून मधल्याच अवस्थेत अडकतात : ताशी दहा आणि वीसच्या मधला वेग, चालकाला समोरचे दिसत नाही, मागे काठ पाण्याला आलेला, आणि इंधन सर्वांत जास्त जाते. ज्याने रिकाम्या बोटीची फेरी मारून ४० एचपी घेतले, तो पहिल्या गर्दीच्या दिवशी याच अवस्थेत सापडतो. म्हणून दोनच निर्णय योग्य आहेत. एकतर भरल्या वजनाला पुरेल एवढे मोठे इंजिन, नाहीतर घसरण्याचा नाद सोडून हळू चालायला आखलेली बोट आणि १० ते १५ एचपीचे इंजिन. निवांत फिरणे हाच हेतू असेल तर दुसरा निर्णय मला निःसंशय बरा वाटतो. मधला मार्ग इथे दोन्हीकडून तोट्याचा आहे.

बचाव पथकाचा यावर आक्षेप असणारच : आम्हाला वेग लागतो, बुडणारा माणूस थांबत नाही. आक्षेप गंभीर आहे, म्हणून तो आकड्यांत पाहू. अमरावतीहून सिंभोऱ्याचे धरण पन्नास किलोमीटरहून दूर आहे. ते अंतर रस्त्याने कापावे लागते, पाण्यावरचे अंतर त्यानंतर दोन-तीन किलोमीटर असते. तीन किलोमीटरला ताशी ३८ च्या बोटीला पावणेपाच मिनिटे लागतात, ताशी ३० च्या बोटीला सहा. बोट ट्रकमधून उतरवून, पाण्यापर्यंत नेऊन, इंजिन बसवून सुरू करायला लागणारा वेळ याच्या कितीतरी पट असतो. तेव्हा खरा वेग हवा तो काठावर, आणि तो देते हलकी बोट. शिवाय परतीची फेरी नेहमी भरलेली असते : जाताना तीन जवान, येताना छपरावरून उतरवलेले सात-आठ गावकरी, शेळ्या, गाठोडी. पाण्यातून माणूस वर ओढताना दोन जवान एकाच कडेवर झुकलेले असतात. या सगळ्याला हवेच्या जाड नळ्यांची रबर बोट फायबरपेक्षा बरी, कारण त्या नळ्या अगदी कडेला असल्याने एका बाजूला भार आला की तीच बाजू जास्त उचल देते. तिचे दोन शत्रू वऱ्हाडात भरपूर आहेत, बाभळीचा काटा आणि ऊन. पीव्हीसी कापडाचे डिंकजोड ४५ अंशांच्या उन्हाळ्यांत लवकर सुटतात. हायपालॉन प्रकारचे कापड महाग असले तरी तेच घ्यावे, आणि स्वतंत्र कप्पे किती आहेत ते मोजावे, म्हणजे एक फुटला तरी बाकीच्यांवर बोट तरंगते.

इंधनाचा हिशेब थोडक्यात : पेट्रोलचे चार-स्ट्रोक इंजिन पूर्ण ताकदीवर दर एचपीला तासाला साधारण पाव ते तिसरा हिस्सा लिटर पिते. म्हणजे ४० एचपी दहा ते तेरा लिटर, तर हळू चालणारी १० एचपीची बोट जेमतेम दोन-तीन लिटर. पण वऱ्हाडात या प्रश्नाला पैशापलीकडची बाजू आहे. अप्पर वर्धा अमरावतीला पाणी पाजतो, काटेपूर्णा अकोल्याला. जुन्या पद्धतीचे दोन-स्ट्रोक इंजिन आपल्या पेट्रोलचा पाव हिस्सा न जळताच तेलासकट पाण्यात सोडते. ते स्वस्त आहे, हलके आहे, दुरुस्तीला सोपे आहे, हे सगळे मान्य करूनही लाखो लोक जे पाणी पितात त्यात ते उतरवू नये. विजेच्या मोटारीचा विचार इथेच करावा, आणि त्यासाठीही भारच पाहावा. बॅटरी जड असते : एका किलोवॉट-तासाला आठ-दहा किलो. घसरत धावणाऱ्या बोटीला ती परवडत नाही. पण ताशी आठ किलोमीटरने चालणाऱ्या सहा मीटरच्या बोटीला दोन-तीन किलोवॉट पुरतात, म्हणून शंभर किलोची बॅटरी तीन-चार तास देते. हे केवळ कागदावर नाही. केरळात वैकोम ते तवणक्कडवू या मार्गावर २०१७ पासून 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौर बोट चालते, दोन तळांची, सावकाश, छपरावर सौर पट्ट्या घेऊन. ऊन आपल्याकडे केरळापेक्षा कमी नाही.

टिकाऊपणाची तुलना समुद्रकाठच्या सल्ल्याने करू नये. खाऱ्या पाण्याने गंजण्याची भीती आपल्या जलाशयांत नाही, म्हणून त्यासाठीचा जास्तीचा खर्च इथे वाया जातो. आपला शत्रू गाळ आहे. पावसाळ्यातले गढूळ पाणी इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचा रबरी पंखा घासून टाकते, म्हणून तो सुटा भाग बोटीबरोबरच घ्यावा आणि तो बदलायला शिकून घ्यावे. कोकणात गावोगाव जशी बोटीच्या इंजिनाची जाणकार माणसे असतात, तशी इथे नाहीत. त्यामुळे ज्या इंजिनाचा मेकॅनिक आणि सुटे भाग जवळच्या शहरात मिळतात, ते एरवी दुय्यम असले तरी आपल्यासाठी पहिले. आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात बोट ठेवणार असाल तर एक बारीक गोष्ट : इंजिन आतून धुवायला तिथल्या बोअरचे पाणी वापरू नये, धरणाचे गोडे पाणी वापरावे, नाहीतर समुद्रावर न जाताच इंजिनात मीठ साचेल. चिखलदऱ्याला नेणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की अकराशे मीटर उंचीवर साध्या इंजिनाची ताकद सुमारे दहा टक्क्यांनी घटते.

आणखी एक आक्षेप विक्रेत्याकडून येतो, आणि तो वरकरणी बिनतोड वाटतो : बोटीवर क्षमतेची पाटी आहे, मग स्वतः हिशेब कशाला? पाटी असणे केव्हाही चांगले, पण ती पूर्ण वाचावी. युरोपीय पद्धतीत बोटींचे अ ते ड असे चार वर्ग आहेत. ड वर्ग म्हणजे जेमतेम तीस सेंटिमीटर लाटेचे आडोशाचे पाणी, क वर्ग म्हणजे दोन मीटरपर्यंतच्या लाटेचे किनारी किंवा मोठ्या तलावाचे पाणी. पुष्कळ बोटींवर एकाच पाटीवर दोन आकडे असतात, क वर्गात कमी माणसे आणि ड वर्गात जास्त. बोट तीच, बदलते ते पाणी आणि त्याबरोबर तिने किती भार घ्यायचा ते. विक्रेता मोठा आकडा सांगतो, वादळी मे महिना लहान आकड्याने वागतो. अप्पर वर्ध्यासाठी क वर्गाचाच आकडा धरावा. सरकारी बाजूही याच टप्प्यावर पाहून घ्यावी, पैसे दिल्यानंतर नव्हे. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने यांत्रिक बोटींची नोंदणी, तपासणी आणि विमा यांची चौकट देशभर एकसारखी केली आहे. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो. काटेपूर्णा अभयारण्यात आणि वानच्या जंगलकाठी वन विभागाची परवानगी लागते. परवानगी फक्त विजेच्या किंवा वल्ह्याच्या बोटीला मिळणार असेल तर पेट्रोल इंजिनांच्या तुलनेत घालवलेला महिना व्यर्थ जातो.

शेवटी चाचणी. ती विक्रेत्याच्या खाडीत नव्हे, आपल्या जलाशयावर घ्यावी, आणि दुपारी तीननंतर, वारा उठलेला असताना. माणसांचा जीव धोक्यात न घालता भार देण्यासाठी वाळूची पोती पुरेशी आहेत. सहा माणसांचे वजन म्हणजे पन्नास किलोची साडेआठ पोती. ती तळाशी न ठेवता बाकांवर ठेवावीत, कारण माणसाचे वजन बाकाच्या वर असते आणि तळाशी ठेवलेली पोती बोटीला खोटा स्थिरपणा देतात. एवढा भार घेऊन इंजिन पूर्ण दाबल्यावर ते निर्मात्याने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचते का, ते पाहावे. बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या बहुतेक (आउटबोर्ड) इंजिनांना मिनिटाला पाच ते सहा हजार फेऱ्या सांगितलेल्या असतात. त्या अडीचशे-चारशेने कमी पडल्या तर पंखा एक-दोन इंच कमी पिचचा (म्हणजे एका फेरीत तेवढे कमी पुढे सरकणारा) मागावा. हा बदल किमतीत नगण्य आणि इंजिनाच्या आयुष्यात मोठा असतो. मग इंजिन बंद करून तीन पोती एका कडेला सरकवावीत आणि काठ पाण्यापासून किती उरला ते पट्टीने मोजावे. पोती सरकवण्याआधीच्या निम्म्याहून कमी उरला तर ती बोट कितीही देखणी असली तरी परत पाठवावी. सहकारी संस्था आणि ग्रामपंचायती दरपत्रके मागवताना 'इतक्या मीटरची, इतक्या एचपीची बोट' असे लिहितात, म्हणून त्यांना लांबी आणि एचपीच मिळते. त्याऐवजी लिहावे : ४५० किलो भार बाकांच्या उंचीवर घेऊन, अमुक जलाशयावर, एका बाजूला १५० किलो सरकवले असता काठ इतके सेंटिमीटर वर राहील अशी बोट, तीनशे-साडेतीनशे किलोच्या आतली, चाचणी आमच्या काठावर, पैसे चाचणीनंतर. जीवरक्षक जॅकेटे माणशी एक, आणि मुलांच्या मापाची वेगळी, हेही त्याच पत्रात असावे, कारण मोठ्यांचे जॅकेट घातलेले मूल पाण्यात त्यातून निसटते.